चिऱ्यावरून दिसणारी सावर

आमच्या मागीलदारी, विहिरीच्या कठड्यापासून चार पावलांवर, एक चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा ठोकळा, पुरलेला आहे. अर्धा जमिनीत, अर्धा वर. गेल्या वर्षी डिसेंबरच्या मध्यावर मी तो पुरून घेतला. त्यावर उभे राहिले की समोर पूर्वेला कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग, उतरत जाताना दिसते. आधी माड, खालच्या टप्प्यांवर पोफळी, पोफळींवर चढलेल्या मिरवेली, मध्ये जायफळाची चार झाडे आणि सगळ्यात शेवटी, गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून, सावर. दर रविवारी सकाळी साडेसातला याच चिऱ्यावर उभे राहायचे आणि तेवढ्याच चौकटीत त्या सावरीचा एक फोटो काढायचा, असे ठरवले होते. वर्षाचे ५२ व्हायला हवे होते, झाले ४७. उरलेल्या पाच रविवारी कधी घरात आजारपण होते, कधी पाऊस इतका की झाडच दिसत नव्हते.

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातले आमचे सावईवेरे हे कुळागरांचे गाव. इथे झाडांचे कौतुक कोणी मुद्दाम करत नाही, कारण झाडे सगळीकडेच आहेत. मी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. फळ्यावर उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे दरवर्षी लिहिते आणि मुले ते वहीत उतरवून घेतात. हे तीन शब्द आपल्याच मागीलदारी कसे उतरतात, ते एकदा नीट पाहावे अशी इच्छा होती. भाच्याने नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना डीएसएलआर मला दिला, सोबत दोन लेन्स. १८-५५ची झाडांसाठी आणि ७०-३००ची पक्ष्यांसाठी, एवढेच त्याने सांगितले. बाकीचे मी करून शिकले.

पहिले दोन महिने पक्ष्यांच्या मागे धावण्यात गेले. कुळागरातला उजेड फसवा असतो. डोळ्यांना लख्ख वाटते, पण पोफळींच्या सावलीत तो कॅमेऱ्याला पुरत नाही. ३०० मिलिमीटरला माझी लेन्स एफ ५.६पेक्षा जास्त उघडत नाही. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता, १६०० ठेवला तरी शटर १/१२५ सेकंदाच्या पुढे जाईना, आणि तेवढ्यात दयाळाची शेपटी वर जाऊन खाली आलेली असते. त्यात झावळ्यांमधून पडणारे कवडसे. पक्ष्याची पाठ पांढरी फटक येते आणि पोट काळे. शेवटी धावणे सोडले. न्हाणीघरामागे, जिथे सकाळी नऊपर्यंत मोकळा उजेड असतो, तिथे मातीचा पसरट परळ पाणी भरून ठेवला, आणि दहा-बारा हातांवर पोफळीची विरी, म्हणजे झावळीचे रुंद देठ, अंथरून बसू लागले. अकरा दिवस परळाकडे कोणी फिरकले नाही. बाराव्या दिवशी बुलबुलांची जोडी आली, मग दयाळ, मग नाचरा. जानेवारीत एकदा काळ्या डोक्याचा, माणकासारख्या लाल गळ्याचा पिवळाधमक बुलबुल येऊन पाणी प्यायला. हा गोव्याचा राज्यपक्षी. शाळेच्या भिंतीवर त्याचे चित्र आहे, आणि इतकी वर्षे ते मुलांना दाखवणाऱ्या मी तो जिवंत असा समोर प्रथमच पाहिला. तो पाच सेकंदांत गेला. फोटो दोन आले, त्यातला एक स्पष्ट.

तोवर सावर उघडी झाली होती. डिसेंबरात तिची पाने पिवळी पडून गळतात आणि संक्रांतीपर्यंत आडव्या, मजल्यामजल्याने निघालेल्या फांद्या तेवढ्या उरतात. त्यांवर सुपारीएवढ्या तपकिरी कळ्या धरतात. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पहिले फूल उमलले. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी अख्खे झाड लाल होते.

त्या पंधरवड्यात चौकटीचा नियम पाळून मी उरलेला सगळा वेळ झाडाखाली काढला. सावरीचे फूल हातात घेतले तर वजनदार लागते. पाच जाड, मांसल पाकळ्या बाहेरून किंचित लवदार, आत पुंकेसरांचा मोठा झुबका, आणि तळाशी मध. फूल पडते तेव्हा धप्प असा आवाज येतो, त्या दिवसांत तो सकाळभर चालू असतो. वरच्या फांद्यांवर गर्दीच. कोतवाल, मैना, हरेवा, शिंजीर, पोपट, खारी, आणि शेपटीच्या दोन लांब तारा सांभाळत आलेला भृंगराज. हरेव्याने पूर्ण डोके फुलात घातले आणि बाहेर काढले, तेव्हा त्याचे कपाळ परागांनी माखलेले होते. तसाच तो पुढच्या फुलावर गेला. परागसिंचनाचा धडा मी वीस वर्षे शिकवते आहे. या वर्षी वर्गात पुस्तक उघडले नाही, हा फोटो दाखवला.

एक गोष्ट तेव्हा हाती लागली. सूर्य झाडाच्या मागे, थोडा उजवीकडे असायचा. पाठीमागून येणाऱ्या त्या उन्हाने पाकळ्या आतून पेटल्यासारख्या दिसत. पण कॅमेरा आकाशाचा उजेड मोजून फुले काळी करी. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायचा उजेड, दीड स्टॉपने वाढवले तेव्हा लाल रंग आला. आकाश पांढरे झाले, पण मला फूल हवे होते.

मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या रविवारचे फोटो मात्र कसेही केले तरी काळेच आले. सूर्य नेमका बुंध्यामागे आला होता. तेव्हा लक्षात आले की चिरा हलला नाही, झाड हललेले नाही, सरकतो आहे तो सूर्य. उत्तरायण हा शब्द पंचांगात रोज वाचतो, मी तो चिऱ्यावर उभी राहून पाहिला. हात लांब करून मूठ धरली की क्षितिजावर साधारण दहा अंश मोजता येतात. डिसेंबरात सूर्य सावरीच्या उजवीकडे, शेजाऱ्यांच्या माडांमागून उगवत होता. मार्चअखेर सावरीमागून. मेच्या अखेरीस तो डावीकडे आंब्यामागे गेला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत माझ्या साडेचार मुठी भरल्या. आपण दक्षिणेला इतके खाली असल्याने मेच्या सुरुवातीला एक दिवस भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तुळशीवृंदावनाची सावली त्याच्या पायाशी गोळा होते. त्यानंतर ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो.

हे नुसते भूगोलाचे नव्हे. आमच्या फणसाच्या उत्तरेच्या अंगाला सीतेची वेणी चिकटलेली आहे. वर्षाचा बराच काळ ती बाजू सावलीत, म्हणून तिथे कॅमेरा कधी रोखलाच नव्हता. मेच्या शेवटी सूर्य उत्तरेला सरकतो आणि सकाळचे तिरपे ऊन त्या अंगावर येते, आणि नेमकी त्याच दिवसांत वेणी फुलते. जांभळे ठिपके असलेल्या पांढऱ्या-गुलाबी फुलांचा हातभर लोंबता घोस, मागे फणसाची काळसर साल, आणि पाऊस लागेपर्यंत जेमतेम तीन आठवडे मिळणारे ऊन. तो फोटो मला सगळ्यात प्रिय आहे.

उडत्या सरड्याची ओळख पाडेल्याने करून दिली. मार्चमध्ये नारळ पाडायला आला होता. मी विरीवर बसलेली पाहून म्हणाला, "वहिनी, पक्षी कसले बघताय, या पोफळीवर बघा." मला पोफळीशिवाय काही दिसेना. "अजून वर. पांढरा डाग आहे ना, त्याच्या खाली." तरीही दिसेना. मग त्या डागाखालून एक पिवळा पडदा उघडला आणि मिटला. गळ्याखालची पिवळी पिशवी बाहेर काढून नर सरडा दुसऱ्या नराला दाखवत होता. ती पिशवी मिटली की तो पुन्हा साल होऊन जाई. त्याच्या पाठीवरचा राखी-तपकिरी रंग, त्यातल्या शेवाळासारख्या छटा, सगळे पोफळीच्या सालीवरूनच उचललेले. पाडेली म्हणाला की झाडावर चढताना रोज भेटतात, मुंग्या खात असतात, चढणाऱ्याची वाट सोडून बुंध्यामागे सरकतात.

पुढचे सहा आठवडे सकाळी शाळेआधी आणि सुटीच्या दिवशी दहापर्यंत मी त्या पोफळींखाली होते. या सरड्याच्या फासळ्या लांब वाढलेल्या असतात आणि त्यांवर कातडी ताणलेली. उडी घेताना तो त्या पसरतो आणि एका पोफळीवरून दुसरीवर तरंगत जातो. दक्षिण भारतात उडत्या सरड्याची ही एकच जात आहे. सरळ, फांद्या नसलेले बुंधे आणि मध्ये मोकळी हवा, असे आमचे कुळागर त्याला चांगलेच मानवले असावे. उडी टिपायला शटर १/२००० हवे, तेवढा उजेड तिथे नसतो. आयएसओ ६४००पर्यंत नेला, समोरच्या पोफळीवर आधीच फोकस धरून ठेवला, तीनशेच्या वर फोटो काढले. एका फोटोत दोन बुंध्यांच्या मध्ये एक धूसर पिवळट पान आहे, त्याला शेपटी आहे. तेवढेच. गळ्याची पिशवी मात्र इतकी स्पष्ट मिळाली की तिच्यावरचे खवले मोजता येतात.

एप्रिलच्या शेवटी सावरीची बोंडे फुटली. कापूस कौलांवर, विहिरीच्या पाण्यावर, वाळत घातलेल्या भिरंडांच्या, म्हणजे कोकमांच्या, सालींवर सगळीकडे. आमच्या सासूबाई, त्यांना घरात सगळे माई म्हणतात, दरवर्षी यावरून सावर तोडायची भाषा करतात आणि दरवर्षी राहून जाते. याच कापसाच्या पुंजक्यामागे शिंपी पक्षी जाताना मी पाहिला. चोचीत धरून जास्वंदीत शिरला. दोन मोठी पाने काठांना भोके पाडून कापसाच्या आणि कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी जोडलेली, आत मऊ कापसाचे अस्तर. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यात तीन पिले होती.

इथे मी जे केले ते लिहिणे भाग आहे. घरट्यासमोर जास्वंदीचीच एक फांदी आडवी येत होती, तिची पाने प्रत्येक फोटोत यायची आणि घरटे अंधारात. मी ती सुतळीने बाजूला बांधली. तासाभरात मादी पुन्हा येऊ लागली म्हणून वाटले, काही बिघडले नाही. फोटो सुंदर आले. तीन उघड्या चोची, त्यांवर पिवळी कड, आणि अळी घेऊन आलेली आई. संध्याकाळी पाऊस आला म्हणून सुतळी सोडायला गेले नाही. सकाळी घरटे फाटून लोंबत होते आणि आत काही नव्हते. भारद्वाज दोन दिवस त्या बाजूला फिरत होता, त्याला ही वाट मीच मोकळी करून दिली होती. आदल्या दिवशीपर्यंत त्या फांदीने ते झाकले होते. शिंपीची जोडी दुपारपर्यंत ओरडत जास्वंदीभोवती फिरत राहिली.

ते फोटो मी कोणाला दाखवले नाहीत आणि पुसलेही नाहीत. त्या दिवसापासून घरट्याजवळ कॅमेरा नेत नाही. नवशिक्यांना माझे एवढेच कळकळीचे सांगणे आहे: पान, फांदी, गवताची काडीही हलवू नका. पक्ष्याने ती जागा त्या काडीमुळेच निवडलेली असते.

मृगाचा पाऊस नीट लागला त्या रात्री खालच्या शेतातून आवाज सुरू झाला. सकाळी उजाडता उजाडता गेले तर साचलेल्या पाण्यात लिंबासारखे पिवळे, वीतभर बेडूक, ओरडताना गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगवणारे. एरवी हाच बेडूक मातकट हिरवा असतो. पहिल्या जोरदार पावसात नर हा रंग धारण करतात, तोही थोडेच दिवस. ढगाळ उजेडात तो पिवळा रंग कॅमेऱ्याला इतका सोपा जातो की काही करावेच लागले नाही. जमिनीला टेकून, लेन्स पाण्याच्या पातळीला आणून बसले. दुसऱ्या रात्री मात्र गडग्यापलीकडे टॉर्च फिरताना दिसले. या बेडकांच्या तंगड्यांना गोव्यात गिऱ्हाईक आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना पकडणे गुन्हा आहे आणि दर पावसाळ्याच्या तोंडावर वनखाते तसे बजावते, तरीही पोती घेऊन माणसे येतात. आम्ही दोघे नवराबायको टॉर्च घेऊन शेताच्या बांधावर जाऊन उभे राहिलो. ते काही न बोलता निघून गेले. पण बांधाच्या पलीकडच्या खाचरातला आवाज तिसऱ्या रात्री नव्हता. ज्याचा आवाजच त्याला पकडून देतो, अशा जिवाचा फोटो दाखवताना आता मी जागा सांगत नाही.

पावसाळ्याचे बाकी फोटो निम्मे वाया गेले. गोव्यात वर्षाकाठी साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक या चार महिन्यांत, आणि ती ओल कपाटातही शिरते. ऑगस्टमध्ये सगळे फोटो धुक्यातून काढल्यासारखे येऊ लागले. मला वाटले हवाच तशी. लेन्स टॉर्चसमोर धरली तर आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली. दुरुस्ती करणाऱ्याने उघडून पुसून दिली, पण भिंगावरच्या लेपावर तिच्या खुणा कायमच्या राहिल्या. कापडी पिशवीत ठेवलेली लेन्स इथे टिकत नाही. आता कॅमेरा आणि लेन्स पापडाच्या घट्ट झाकणाच्या डब्यात असतात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळे करायचे. पावसातून घरात आणलेला कॅमेरा लगेच डब्यात कोंडायचा नाही, आधी पुसून पंख्याखाली तासभर ठेवायचा.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी माईंबरोबर माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या सजावटीचे, सामान गोळा करायला गेले. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आम्ही बाजारातून आणत होतो. या वेळी माईच म्हणाल्या, "तू एवढी रानात फिरतेस, तर चल, दाखवते." कवंडळाची लालभडक फळे वेलीवर कुठे लोंबतात, कांगले कोणत्या बाजूला मिळतात, शेरवडाची पांढरी पाने लांबून कशी ओळखायची, ते त्या काठी टेकत टेकत दाखवत होत्या. माट्टीपाशी थांबल्या. महाराष्ट्रात हिला ऐन म्हणतात, गोव्याचा हा राज्यवृक्ष. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल आणि पाच पंखांची फळे. मी सालीचा जवळून फोटो काढत होते तेव्हा माईंनी त्या भेगांवर हात ठेवला. नव्वदीला आलेल्या त्या हाताचा आणि सालीचा फोटो मी न विचारता काढला. नंतर दाखवला तेव्हा बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "दोघींची साल चांगली आली आहे."

दिवाळीच्या आसपास सातवीण फुलली. तिचा वास रात्री खिडक्या बंद केल्या तरी येतो आणि त्याचा फोटो निघत नाही. नोव्हेंबरात संध्याकाळी, उजेड जाता जाता, जायफळाखालून दोन सुरांची शीळ आली. नवरंग परतला होता. पाचोळा उलटत फिरणाऱ्या त्या पक्ष्याचे तेवढ्या उजेडात फोटो चांगले येत नाहीत हे ठाऊक होते, म्हणून कॅमेरा काढला नाही, ऐकत बसले.

डिसेंबरच्या सुटीत ४७ फोटो छापून आणले आणि माजघरात जमिनीवर ओळीने मांडले. जुलैच्या वाऱ्यात सावरीची उजवीकडची तिसरी फांदी मोडली होती, तिचा हातभर खुंट उरला आहे. भिंग घेऊन बघताना नोव्हेंबरच्या शेवटच्या फोटोत त्या खुंटावर एक काळा ठिपका दिसला. त्याच्या आदल्या रविवारच्या फोटोत तो नव्हता. पुढच्या रविवारच्या फोटोत तो मोठा आणि गोल झाला होता. मी चिऱ्यावर जाऊन ७०-३०० लावून पाहिले. हिरव्या अंगाचा, गालावर पांढरा पट्टा असलेला तांबट खुंटाला चिकटून टोकत होता, थांबून चोचभर भुसा बाहेर टाकत होता, पुन्हा आत डोके घालत होता.

खाली गडग्यापाशी गेले असते तर भोक अगदी समोर आले असते. मी चिऱ्यावरूनच एक फोटो काढला, साडेसातचा, नेहमीच्या चौकटीत. त्यात तांबट तांदळाच्या दाण्याएवढा आहे. पुढच्या रविवारीही तिथूनच काढणार आहे.